चार सेंटिमीटरचे मुकादम

घरी येणारा प्रत्येक जण आमच्या टाकीसमोर वाकतो, डोळे बारीक करतो आणि विचारतो, "मासे अजून आणायचेत वाटतं?" मासे आहेत. पोत्याने आहेत. फक्त परका माणूस दिसला की शंखात शिरायचं आणि तो जाईपर्यंत बाहेर यायचं नाही, असा त्यांच्यात ठराव झालेला आहे.

या माशाचं नाव निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस. मासा नावापेक्षा आखूड आहे, म्हणून पाळणारे त्याला नुसतं 'मल्टी' म्हणतात. नर जेमतेम चार सेंटिमीटर, मादी त्याहून लहान. मूळ मुक्काम टांगानिका सरोवर. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया अशा चार देशांना लागून असलेलं, साडेसहाशे किलोमीटरहून लांब आणि सुमारे १४७० मीटर खोल. बैकल सोडलं तर जगात इतकं खोल सरोवर नाही. आणि एवढ्या ऐसपैस पाण्यात हे महाशय राहतात कुठे? तळाशी पडलेल्या, मेलेल्या गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत! म्हणूनच चाळीस लिटरच्या टाकीत त्यांचं सुखाने भागतं. जागा कमी लागते, हे खरंच आहे. त्या जागेवर हुकूम कोणाचा चालणार, हे मात्र आधी कोणी सांगत नाही.

टाकी मी हौसेने सजवली होती. मागे दगड, कोपऱ्यात अनुबियासचं रोप, पुढे बारीक वाळूचा सपाट पट्टा आणि त्यावर अर्धगोलात मांडलेले शंख. सकाळी उठून पाहतो तर सपाट पट्ट्याच्या जागी खड्डे, खड्ड्यांच्या तळाशी काच, आणि रोप पाण्यावर आडवं तरंगतंय. हे सगळं तोंडाने होतं, बरं का. चार कण तोंडात घ्यायचे, दोन बोटं लांब जाऊन थुंकायचे, परत यायचं. पलीकडचा शेजारी तीच वाळू पुन्हा इकडे आणून थुंकतो. रात्रंदिवस काम चालू, काम पूर्ण कधीच नाही, आणि मुकादम मात्र आपल्याच अंगावर खेकसणार. (दगड वाळूवर न ठेवता थेट काचेवर टेकवले होते, म्हणून निदान ते तरी कोसळले नाहीत.)

खेकसणं म्हणजे अगदी अंगावर धावून येणं. यांना पाणी जड आणि अल्कधर्मी लागतं, पीएच साडेआठच्या पुढे. त्यासाठी फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा भरला. पण अशा पाण्यात माशांच्या अंगातून सुटणारा अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून थोडं थोडं पाणी नेमाने बदलणं आलं. पाणी बदलायचं म्हणजे टाकीत हात घालणं आलं, आणि हात घातला की मोठा नर येऊन अंगठ्याला धडकतो. दुखत नाही. पण मी दर वेळी हात मागे घेतो, आणि हे त्याला कळलेलं आहे.

खरी परीक्षा पिल्लं झाल्यावर. मादी अंडी शंखातच घालते. मग एक दिवस शंखाच्या तोंडाशी टाचणीच्या टोकाएवढे डोळे दिसतात. ती पिल्लं मोठी झाली तरी आईबापांचा मोहल्ला सोडत नाहीत. थोडी एका मित्राला द्यावी, असं ठरलं. जाळी आत गेली आणि टाकीत एक मासा दिसेना. मग शंख उचलायचा, तोंड खाली करून पाण्याच्या पृष्ठभागाशी धरायचा आणि आतला बाहेर पडायची वाट पाहायची. आतला शेवटच्या वेटोळ्यात जाऊन बसला. माझा खांदा भरून आला.

"अजून त्या शंखाला विनवतोयस?" बायको म्हणाली.

"हळू बोल, तो निघतच होता."

शेवटी निघाला तो मोठा नर. नेमका तोच द्यायचा नव्हता.

मित्र कंटाळून काही शंख तसेच, माशांसकट, डब्यात घालून घेऊन गेला. झालं! टाकीत शंख कमी पडले आणि उरलेल्यांसाठी मारामाऱ्या जुंपल्या. मी गोगलगायींचे रिकामे शंख मागवले आणि स्वच्छ करायला मोठ्या पातेल्यात उकळत ठेवले. बायको स्वयंपाकघरात आली, झाकण उचललं, आत पाहिलं, झाकण परत ठेवलं. "मी बाहेर जेवून येते," म्हणाली आणि चपला घालून निघाली.