टीएसएच ६.८ आला म्हणून हृदय निकामी होत नाही

गेल्या महिन्यात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला: ‘टीएसएच ५च्या वर गेला की थायरॉईड झालाच. गोळी लगेच चालू करा, नाहीतर हृदय निकामी. वजन त्यामुळेच वाढतं. साधं मीठ सोडा, सैंधव खा.’ मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते. परवा एक काकू ६.८चा रिपोर्ट घेऊन आल्या, आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, “आता किती वर्षं आहेत गं माझी?” म्हणून लिहितेय.

‘थायरॉईड झालाच.’ टीएसएच थायरॉईडमधून येतच नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला मारलेली ती हाक आहे. थायरॉईड जरा मंदावली की हाक मोठी होते. त्या हाकेवर काम भागत असेल, म्हणजे फ्री टी-४ (रक्तातला थायरॉईडचा हार्मोन) नॉर्मल असेल, तर त्याला सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम, म्हणजे थायरॉईडचा सौम्य दोष म्हणतात. मोठ्या आजारातून उठल्यावर टीएसएच काही दिवस वाढतो, पहाटे तो दुपारपेक्षा जास्त असतो, आणि सत्तरीनंतर थोडा चढा असणं वयाला धरूनच आहे. म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. कित्येकांचा आकडा तेवढ्यात आपोआप खाली येतो. सोबत अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडवरच हल्ला करणाऱ्या अँटीबॉडीची तपासणी केली तर पुढचा अंदाज येतो. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथे लोकांचा २० वर्षं पाठपुरावा केला होता. टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडीही असलेल्या शंभर बायकांपैकी वर्षाला साधारण चौघींना पूर्ण हायपोथायरॉईडिझम झाला. हे प्रमाण लक्ष ठेवण्याजोगं नक्कीच आहे, पण ‘झालाच’ म्हणण्यासारखं नाही.

‘गोळी नाहीतर हृदय निकामी.’ या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते जास्त फसवतं. २०१० साली ५५ हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा टीएसएच १० किंवा जास्त असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका स्पष्ट वाढलेला दिसला. ४.५ ते ६.९ मध्ये तशी वाढ दिसली नाही. म्हणून पुन्हा तपासूनही आकडा दहाच्या वर राहिला तर डॉक्टर बहुधा गोळी देतात, आणि ती टाळू नये. काकूंसारख्यांचं काय? युरोपात ६५च्या पुढच्या ७३७ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सौम्य दोष असलेल्यांना वर्षभर गोळी देऊनही थकव्यात फरक पडला नाही. उलट गरज नसताना किंवा जास्त डोस गेला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. मेसेज यातलं काहीच सांगत नाही.

दिवस राहिले असतील किंवा राहावेत असं वाटत असेल तर मात्र थांबू नका. बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीचे महिने आईच्या हार्मोनवर चालते, त्यामुळे तिथले निकष वेगळे असतात. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे, त्यांनी हे वाचून ती स्वतःहून बंद करू नये.

‘वजन त्यामुळेच.’ पूर्ण हायपोथायरॉईडिझममध्येही वाढतं ते साधारण दोन ते पाच किलो, त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी. सौम्य दोषावर पंधरा किलोंचं खापर फोडता येत नाही.

‘सैंधव खा.’ याचा मला सगळ्यात राग येतो. थायरॉईडचा हार्मोन बनतोच आयोडीनपासून, आणि बाजारातल्या बहुतेक सैंधवात ते घातलेलं नसतं. ज्या ग्रंथीची काळजी करायची, तिचाच कच्चा माल तोडायचा! काकूंना मी एवढंच सांगितलं: तीन महिन्यांनी या, टीएसएच, फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ एकदम करू, तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, आणि घरी गेल्यावर मिठाचं पाकीट उलटून त्यावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलंय का बघा.