अहमदाबादच्या साचेखात्यातला प्रयोग

स्वतःचे काम स्वतः आखणारे गट ही गेल्या काही वर्षांतली कल्पना आहे, असे कामाच्या संघटनेवरील एका लेखात म्हटले आहे; त्यात एक भर घालावीशी वाटते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या सामाजिक संशोधन संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांवर, प्रत्येकाला एकेकच काम वाटून देण्याऐवजी, ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी कामगारांच्या लहान गटाकडे सोपवली, तेव्हा उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, गट कामगारांनी आपसांतच जुळवले होते. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते. शेजारच्या साच्यावरचा धागा तुटलेला दिसला तरी हात लावायची मुभा नसे, हे ते फार कळवळून सांगत. मुंबईतल्या व्यवस्थापनाच्या वर्गांत अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात कामगारांवर झालेल्या प्रसिद्ध प्रयोगांइतक्याच तपशिलाने हा प्रयोगही शिकवला जावा.