तीव्रता : मध्यम

मागच्या गुरुवारी रात्री साडेनऊला खालच्या मजल्यावरचे आबा दारात उभे राहिले आणि त्यांनी मला माझीच महिन्याभराची भूकंपनोंद वाचून दाखवली.

"तीन तारीख, सायंकाळी सात बावन्न. कालावधी अकरा मिनिटं. तीव्रता मध्यम. शोकेसमधलं काचेचं बदक डावीकडे सरकलं. पाच तारीख. तीव्रता सौम्य. बदक जागेवर. नऊ तारीख…" इथे त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "नऊ तारखेला स्पीकरवर काय लावलं होतंत?"

"पखवाज."

"तरीच." त्यांनी खिशातून पेन काढून समासात 'पखवाज' लिहिलं.

आत या म्हटलं तर ते येत नाहीत. तक्रार उंबऱ्याबाहेरूनच करायची असते, बसलं की चहा होतो आणि चहा झाला की तक्रारीची धार जाते, असं त्यांचं मत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस. बालपण कराडला गेलं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात घरातलं फडताळ आडवं झालं, तेव्हापासून त्यांचा जमिनीवरचा विश्वास उडालाय. त्यात पुढे नोकरीत नेमकी कोयनानगरलाच बदली. तिथे धक्का बसला की माणसं चहाचा कप हातात धरून क्षणभर थांबायची आणि पुन्हा प्यायला लागायची, हे त्यांनी मला निदान सहादा सांगितलंय. "तिथे ते चालून जायचं हो. पण कोथरूडमध्ये फ्लॅट घेतला तो कशासाठी?"

मी म्हटलं, आबा, बदक मांजरानंही सरकलं असेल. ही माझी चूक झाली. त्यांनी मला चपला घालायला लावून खाली नेलं. टीव्हीशेजारी स्टीलचं फुलपात्र काठोकाठ भरून ठेवलेलं. माझ्याच फोनवरून माझ्याच बायकोला फोन लावायला सांगून त्यांनी पखवाज सुरू करवला. आम्ही तिघं, म्हणजे मी, आबा आणि काकू, गुडघ्यावर हात टेकून पाण्याकडे बघत वाकलो.

"दिसले तरंग?"

"मला नाही बाई काही दिसत," काकू म्हणाल्या.

"तू आधी पाण्यावर श्वास सोडणं बंद कर."

आणि दिसले. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाण्यात सरळ पडलं होतं. 'धा' आला की ते बारीक शहारायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं. इतकं सुरेख दिसत होतं की मी "वा!" म्हणालो. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या 'वा'चीही नोंद झाली असणार.

आता मी काही निष्काळजी माणूस नाही. कमरेइतक्या उंचीचे, प्रत्येकी अठरा किलोचे स्पीकर घेतले तेव्हाच दुकानातल्या गृहस्थांनी "कंपन जमिनीत जिरून जातं" म्हणून टोकदार खिळ्यांचे आठ पाय माझ्या गळ्यात मारले होते. बावीसशे रुपये. फरशीवर चरे पडू नयेत म्हणून प्रत्येक टोकाखाली रुपयाचं नाणं ठेवायचं, म्हणजे वर आणखी आठ रुपये. हे मी आबांना अभिमानानं सांगितलं.

"जमिनीत जिरतं म्हणजे कुठे जिरतं? तुमची जमीन म्हणजे माझं छत आहे."

याला उत्तर नव्हतं. पुढे त्यांनी जे सांगितलं ते बरोबर होतं, याचाच मला जास्त राग आहे. खिळ्यांनी स्पीकर स्लॅबपासून सुटत नाही, उलट स्लॅबला पक्का जोडला जातो. मोटार बसवताना पायाखाली रबर घालतात तसं काहीतरी दबणारं हवं. वजनानं ते जितकं दबेल तितका त्याचा स्वतःचा हेलकावा मंद. एक मिलिमीटर दबलं तर सेकंदाला साधारण १६ हेलकावे, चार दबलं तर ८. आणि आवाजाचं कंपन या आकड्याच्या साधारण दीडपटीच्या वर गेल्याशिवाय ते काहीही अडवत नाही. त्या आकड्याच्या आसपास तर कंपन उलट वाढवूनच देतं. म्हणजे कडक रबर घातलं तर पैसे गेले आणि भूकंप तिथेच.

वर आल्यावर बायको म्हणाली, "मग यात नवीन काय? तबला चुंबळीवर ठेवतात. मिक्सरखाली मी फडक्याची घडी घालते. तुम्हाला मात्र खिळे सुचले." तिनं लहानपणी तबल्याची एक परीक्षा दिली आहे, ती कितवी हे मी विचारत नाही, पण अशा वेळी ती उपांत्य विशारद असते. मी चुंबळी करून पाहिल्या. जुन्या साडीच्या आठ चुंबळी अठरा किलोखाली पापड झाल्या. स्पीकर असा कलला की नमस्कार करतोय.

मग माहीतगारांनी स्क्वॉशचे चेंडू सुचवले. चेंडू अर्धा कापायचा, वाटी पालथी घालायची, वर कडाप्पा, कडाप्प्यावर स्पीकर. दुकानदाराला म्हटलं दोन पिवळ्या ठिपक्यांचे चार द्या. तो आदरानं म्हणाला, "म्हणजे चांगलं खेळता!" मी "कापायचेत" म्हणालो, तर त्यानं बिल न विचारताच फाडलं. सुरीखालून चेंडू सटकत होता, म्हणून विळीवर कापले. परिणामी दोन दिवस आमच्याकडे कोशिंबिरीला टायरचा वास होता आणि घरात माझ्याशी फक्त कामापुरतं बोललं जात होतं.

पण रविवारी चाचणी झाली. वाट्या दोनेक मिलिमीटर दबल्या. कडाप्प्याला बोट लावलं की तो थरथरतोय आणि शेजारच्या फरशीला लावलं तर फरशी गप्प. खालून आबांचा फोन आला, "तरंग नाहीत." मागून काकूंचा आवाज, "मी म्हटलंच होतं."

इथे मी आनंदात राहायला हवं होतं. पण त्यांची वही आमच्याकडे राहिली होती आणि मी ती चाळली. भाद्रपदातल्या त्या रात्री डीजेची भिंत घेऊन ट्रॉली आमच्या गेटसमोर पाऊण तास अडकली होती. खिडक्यांची तावदानं वाजत होती, तळमजल्यावरचं तान्हं मूल रडून निळं पडलं होतं, माझ्या छातीत कोणीतरी आतून धपाटे घालत होतं. निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री ४५ची. कागदावर. वहीत त्या तारखेचं पान कोरं. आबांना विचारलं तर म्हणाले, "तो उत्सव आहे." म्हणजे अख्खी इमारत हलवली तर परंपरा आणि एक बदक हलवलं तर नोंद. हे मला अजून पचलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनी रोज सकाळी खलबत्त्यात शेंगदाण्याचं कूट करतात, तेही त्यांच्या वहीत नाही. का, तर त्या डब्यातून लाडू पाठवतात.

शिवाय सात ते नऊ आबांच्या मालिका. तेवढ्या वेळात स्पीकर बंद, हा आमच्यातला नवा करार. नवानंतर मुलाचा अभ्यास. उरते सकाळ. म्हणून आज सकाळी सात चाळीसला ऑफिसला निघण्याआधी वीस मिनिटं मिळाली आणि जे हाताला लागलं ते लावलं.

बेल वाजली. दारात आबा, वहीसकट.

"मारवा?"

"हो. का? तरंग आले?"

"तरंग नाहीत. आधी नुसतं धाब धाब यायचं, काय चाललंय ते कळायचं नाही. आता खिडकीतून सगळं स्वच्छ ऐकू येतं." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "सकाळी पावणेआठला मारवा? तो सूर्यास्ताचा राग आहे. भैरव नाही तुमच्याकडे?"

आहे, म्हणालो. लावतो.

ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

"आणि जरा मोठ्यानं लावा. खर्ज काही ऐकूच येत नाही आता."