डॉक्टर मेरिकला फाशी देऊन काय होणार

मागच्या रविवारी आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सकाळीच जुंपली. धाकट्या भावाने आदल्या रात्री 'द आयलंड' सिनेमा बघितला, तोच २००५ चा, आणि बघून त्याचं डोकं फिरलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, श्रीमंत लोक पैसे भरून स्वतःचे क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रती, बनवून घेतात, ते क्लोन पांढऱ्या कपड्यात जमिनीखाली राहतात, बाहेरची हवा विषारी आहे असं त्यांना सांगितलेलं असतं आणि लॉटरी लागली की एका सुंदर बेटावर जायला मिळणार म्हणून बिचारे वाट बघत बसतात. लॉटरी लागणं म्हणजे मालकाला किडनी नाहीतर लिव्हर हवंय. हे सगळं चालवणारा डॉक्टर मेरिक. भावाचं म्हणणं असल्या सायंटिस्टांना भर चौकात फासावर द्या, आत्या म्हणाली देवाच्या कामात हात घातला की असंच होणार, काकांनी नेहमीप्रमाणे पाश्चात्त्य संस्कृतीवर एक मोठा फॉरवर्ड टाकला आणि खाली मला टॅग केलं, 'तुमच्या स्कॉटलंडमध्येच सुरू झालं ना हे?'

झालं खरं. मी एडिंबरामध्ये राहतो, क्लोन करून बनवलेल्या डॉली मेंढीचा जन्म इथून जवळच रॉस्लिनला, ५ जुलै १९९६. आता ती इथल्या म्युझियममध्ये काचेच्या पेटीत पेंढा भरून उभी आहे, पोरं काचेला नाक लावून बघतात आणि पाच मिनिटांत कंटाळून पुढे पळतात. २७७ वेळा प्रयत्न करून ही एक जगली, सहा-साडेसहा वर्षांची असताना फुप्फुसात गाठ झाली म्हणून २००३ मध्ये तिला शांतपणे झोपवलं. माणसाचा क्लोन करायला तर ब्रिटनने २००१ मध्येच कायद्याने बंदी घातली. म्हणजे काका, मेरिक इथे नाही, मी शोधून आलोय.

त्यातल्या त्यात मेरिकच्या जवळ पोचलेला खरा माणूस दक्षिण कोरियातला, ह्वांग वू-सुक. माणसाचे क्लोन भ्रूण बनवून त्यातून स्टेम सेल (ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) काढल्याचा दावा २००४ आणि २००५ ला केला, देशाचा हिरो झाला, त्याच्या कामावर पोस्टाचं तिकीट निघालं. नंतर कळलं आकडे बनावट, आणि दोन हजारांवर स्त्रीबीजं वापरली होती, त्यातली काही तर त्याच्याच लॅबमधल्या ज्युनियर मुलींची. साहेबाला नाही कसं म्हणणार! पण मला त्याच्यापेक्षा जास्त धक्का पुढच्या गोष्टीचा बसला, ज्या टीव्ही कार्यक्रमाने हे उघडकीला आणलं त्याच्यावरच लोक उखडले, जाहिरातदार पळाले, आणि शेकडो बायकांनी उलट आमचीही बीजं घ्या म्हणून नावं दिली. जमिनीखालचा तळ नको, पहारेकरी नकोत, काहीच नको.

म्हणून मला मेरिक फार सोपा व्हिलन वाटतो. सिनेमात माझ्या लक्षात राहिला तो टॉम लिंकन, बोटी डिझाइन करणारा, लिव्हर खराब झालेला गिऱ्हाईक. (आणि बोलतो अस्सल स्कॉटिश, माझ्या बसमधल्या लोकांसारखा, त्यामुळे मला तर तो ओळखीचाच वाटला.) त्याला कंपनीने सांगितलेलं असतं की क्लोनला जाणीवच नसते, नुसतं मांस आहे. मग त्याचा स्वतःचा क्लोन दारात येऊन उभा राहतो, बोलतो, घाबरतो, मदत मागतो. हा हो हो म्हणतो, आत जातो आणि कंपनीला फोन लावतो. बस. मेरिक नसता तर दुसऱ्या कुणीतरी दुकान टाकलं असतं, गिऱ्हाईक फोन घेऊन तयारच आहे.

हे मी ग्रुपवर लिहिणार होतो, लिहिलं नाही. कारण आमच्या घरात एक किडनी इकडची तिकडे झालेली आहे. बाबांची गेली तेव्हा आईने दिली. तेव्हा सगळे म्हणाले साक्षात सावित्री, मीही म्हणालो. माझी आणि भावाची टेस्ट झालीच नाही, म्हणजे कुणी नको म्हटलं असं नाही, आईची जुळली मग विषयच संपला आणि खरं सांगतो मला हायसं वाटलं, मी इथून पैसे पाठवले. भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत साधारण पाचात चार बायका असतात आणि घेणाऱ्यांत पाचात चार पुरुष, हे आकडे मी पुष्कळ नंतर वाचले.

इथे ब्रिटनमध्ये जिवंतपणी अवयव देणाऱ्याला एक स्वतंत्र माणूस एकट्याला भेटतो, घरचं कुणी खोलीत नाही, दुभाषा लागला तरी तो नात्यातला चालत नाही. आता लगेच तिकडचं वाईट इकडचं छान असं नाही हां. आपला अवयवदानाचा कायदा १९९४ चा आहे, आणि २०१४ च्या नियमांत तर स्पष्ट म्हटलंय की दाता बाई असेल तर जास्त काळजी घ्या, तिची संमती अवयव घेणाऱ्याने नाही, दुसऱ्या कुणीतरी पडताळायची. कागदावर आपण कुठेच कमी नाही. आणि ब्रिटनमध्ये नफ्यासाठी सरोगसी जुळवून द्यायला १९८५ पासून बंदी, तर इथली जोडपी मूल घ्यायला भारतात यायची, २०१५ मध्ये आपण परदेशी लोकांना दार बंद करेपर्यंत. टॉम लिंकन दोन्हीकडे आहेत.

तर त्या रात्री ग्रुपवर न लिहिता आईला फोन केला. आधी इकडचं तिकडचं, गुडघा कसा आहे वगैरे. मग विचारलं, ऑपरेशनच्या आधी तुला एकटीला कुणी भेटलं होतं का गं, तुझी इच्छा आहे का असं विचारायला?

म्हणाली, 'आली होती की एक बाई फाईल घेऊन. फार चांगली होती. तुझे बाबा शेजारीच बसले होते, त्यांनीच सांगितलं तिला, हिची काही हरकत नाही म्हणून.'