वैनगंगेची वाळू उन्हाळ्यात रिकामी नसते
एका लेखात विदर्भातली वैनगंगा नदी मार्चनंतर ओकीबोकी होते असं लिहिलंय. अहो, 'नदी सुरय' या पाणपक्ष्याचा विणीचा हंगाम तेव्हाच तर असतो! पिवळी चोच, काळी टोपी, लाल पाय. पात्रातल्या वाळूच्या बेटावर नुसता उथळ खळगा, काडी-गवत काही नाही, त्यात 2-3 मातकट, तपकिरी ठिपक्यांची अंडी. दोन पावलांवरूनही ओळखू येत नाहीत. म्हणून बेटावर उतरूच नका, सकाळी 8 च्या आत काठावरूनच दुर्बिणीनं बघा. पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागला की मागे फिरा. आपल्याकडच्या उन्हात अंडी उघडी पडली की उकडतात. म्हणून तर पक्षी पोट पाण्यात भिजवून येऊन बसतो. बेटाभोवतीची धार आटली की कुत्री पोचतात, आणि वाळूचा ट्रॅक्टर एका फेरीत कितीतरी घरटी चिरडतो.