पलटणीतही देऊळ असतं

‘निवृत्तीनंतर सुभेदारसाहेबांना विठ्ठलाची ओढ लागली’ हे निवृत्त सुभेदारसाहेबांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. फौजी माणूस पेन्शन सुरू झाल्यावरच देवाकडे वळतो, हा बाहेरच्यांचा समज आहे. पलटणीत मंदिर असतं, रविवारी मंदिर परेड होते, धर्मगुरू तर जेसीओ, म्हणजे सुभेदारांसारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या दर्जाचे असतात. माझे वडील, आबा, मराठा लाईट इन्फंट्रीत होते. त्यांचा हरिपाठ घरी नाही, पलटणीत पाठ झाला. ढोलकीवर हातही तिथेच बसला.

निवृत्तीनंतर मिळाली ती सवड. लोणंदहून माउलींची पालखी निघाली की आबा आईला घेऊन तरडगावपर्यंत चालायचे, वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायचे. नोकरीत असताना वर्षाकाठी दोन महिन्यांची मोठी सुट्टी, तीही बरीचशी शेतात जायची. आमच्या शाळा, आजीचं दुखणं, सोसायटीचं कर्ज, सगळं आईने एकटीने ओढलं. सुभेदारसाहेबांना तुम्ही कुटुंबवत्सल म्हटलंय, ते खरंच असणार. पण त्यांच्या पत्नीबद्दल लेखात जेमतेम एक ओळ आहे. घर कुणी उभं ठेवलं ते त्याच सांगतील. कृपया त्यांच्याशीही बोला आणि ते सविस्तर छापा.