जामीन, तारीख आणि सुरक्षा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय महोदय,

तळोजा कारागृहातील कच्च्या कैद्यांविषयी आणि यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यातील जामिनाच्या तरतुदीविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ती कठोर आहे, पण तिच्यात मुद्दे आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देणे मला आवश्यक वाटते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण कळव्याला राहता. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात ज्या कर्जत लोकलमध्ये स्फोट झाला, तिच्या मागच्याच गाडीत आपण होता आणि त्या रात्री रुळांवरून चालत घरी पोहोचलात. कलमांवर लिहिणाऱ्यांनी तो फलाट पाहिलेला नसतो, असे आपण म्हणता. त्यानंतर आपले तीन आक्षेप आहेत : कडक कायदा नसेल तर दहशतवादी जामिनावर सुटून पुन्हा तेच करतील, आरोपी निर्दोष असेल तर न्यायालय त्याला सोडतेच, मग तक्रार कसली, आणि शेवटी, कर नाही त्याला डर कशाला. शिवाय माझ्या लेखातील एक विधान चुकीचे असल्याचेही आपण दाखवून दिले आहे.

तो फलाट मी पाहिलेला नाही, हे खरे. मी जे पाहिले ते रोजनाम्याच्या, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदींच्या, वहीत पाहिले. तीस वर्षे न्यायालयात लिपिकापासून शिरस्तेदारापर्यंत नोकरी केल्यावर माणसाला गुन्ह्याविषयी फारसे कळते असा माझा दावा नाही, पण तारीख म्हणजे काय हे नीट कळते.

प्रथम माझी चूक. ‘यूएपीएखाली जामीन मिळतच नाही’ असे मी लिहिले होते आणि ते बरोबर नाही. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पुरेसे आहे. २०१४मध्ये कल्याणहून इराककडे गेलेल्या चार तरुणांपैकी एक त्याच वर्षी परत आला आणि त्याला अटक झाली. त्याला मिळालेला जामीन मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये कायम ठेवला. त्याच महिन्याच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने नजीब प्रकरणात असे म्हटले होते की, खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल आणि आरोपी आधीच दीर्घ काळ कोठडीत असेल, तर यूएपीएतील जामीन रोखणारे कलम ४३-ड(५) असले तरी घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात. कल्याणच्या प्रकरणात याच तत्त्वाचा आधार घेतला गेला. मात्र हा जामीन मिळाला तेव्हा त्या तरुणाला अटक होऊन सहा वर्षे उलटली होती, पन्नासच्या आसपास साक्षीदार तपासून झाले होते आणि त्याहून अधिक शिल्लक होते. म्हणजे जामीन मिळतो, पण तो पुरावा कमकुवत आहे म्हणून सहसा मिळत नाही. कोठडीत पुरेशी वर्षे गेली म्हणून मिळतो. माझ्या विधानापेक्षा हे वास्तव अधिक गुंतागुंतीचे आहे आणि मला ते अधिक अस्वस्थ करणारेही वाटते.

आता आपला पहिला आक्षेप, जो मी हलका मानत नाही. मुलुंडसह २००२-०३च्या स्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेला, पडघ्याजवळच्या बोरिवली गावचा एक मनुष्य शिक्षा पूर्ण करून बाहेर आला आणि डिसेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने आयसिसशी संबंधित प्रकरणात त्याला पुन्हा अटक केली. तो आरोप सिद्ध होण्याआधीच २०२५मध्ये त्याचा मृत्यू झाला. असा माणूस सुधारतो असे मी म्हणणार नाही. म्हटले तर भिवंडीत मला कोणी उभे करणार नाही. परंतु हे उदाहरण जामिनाच्या तरतुदीचे समर्थन करीत नाही. २०२३मध्ये तो बाहेर होता तो शिक्षा संपल्यामुळे. अशा माणसावरचा उपाय म्हणजे सुटकेनंतरची पाळत आणि गावात माहिती देणारी माणसे, आणि ते काम कोणत्याही कलमाने आपोआप होत नाही.

जामिनाचे ते कलम नेमके काय सांगते, हे पाहिल्याशिवाय आपला वाद पुढे सरकणार नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर, यूएपीएत ही दुरुस्ती आली. केस डायरी किंवा दोषारोपपत्र पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा मानण्यास वाजवी कारणे आहेत असे न्यायालयाला वाटले, तर जामीन द्यायचा नाही. दोषारोपपत्र दाखल करण्याची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. वटाली प्रकरणात २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले : जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची चिकित्सा करीत बसायचे नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा की जामीन अर्जाच्या सुनावणीत कागद एकाच बाजूने बोलतात, आणि ज्या टप्प्यावर दुसरी बाजू बोलू शकते तो टप्पा, म्हणजे साक्षीपुरावा, कित्येक वर्षांनी येतो.

गंमत अशी की, ज्या हल्ल्यामुळे हे कलम आले त्या हल्ल्यातील आरोपीसाठी त्याची गरजच पडली नाही. कसाबला कोणत्याही सर्वसाधारण कायद्याखाली कोणत्याही न्यायाधीशाने जामीन दिला नसता. फेब्रुवारी २००९मध्ये, म्हणजे नव्वद दिवसांच्या नेहमीच्या मुदतीतच, दोषारोपपत्र दाखल झाले. आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात सहाशेहून अधिक साक्षीदारांचा पुरावा आला, त्याला सरकारी खर्चाने वकील दिला गेला आणि ३ मे २०१० रोजी तो दोषी ठरला. त्याच निकालात, त्याच न्यायाधीशांनी, कटात सामील असल्याचा आरोप असलेल्या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले आणि ते निर्दोषत्व सर्वोच्च न्यायालयातही टिकले. आपल्या देशातील दहशतवादाचा सर्वांत गाजलेला खटला दीड वर्षात चालला, आणि चालताना त्याने दोषी कोण व निर्दोष कोण हे वेगळे करून दाखवले. हे एकदा करता आले, तर इतर वेळी का करता येत नाही, हा माझ्या लेखाचा खरा प्रश्न होता. तो मी तेव्हा नीट मांडला नाही.

आपल्या दुसऱ्या आक्षेपावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण ‘न्यायालय सोडतेच’ या वाक्यात आपण सुरक्षेचाच विचार सोडून देता, असे मला वाटते. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८०हून अधिक माणसे गेली. २०१५मध्ये मकोका, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालील, न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, त्यांतील पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बाराही जण निर्दोष ठरवले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे २४ जुलै रोजी असे ठरले की सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवायचे नाही, मात्र हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. अंतिम शब्द सर्वोच्च न्यायालयाचा असेल, त्याविषयी मी बोलत नाही. मी बोलतो आहे ते उच्च न्यायालयाने पुराव्याविषयी जे नोंदवले त्याविषयी : कबुलीजबाब विश्वासार्ह नव्हते, ओळख परेड कायद्याने टिकणारी नव्हती आणि जप्त केलेल्या वस्तू नीट सीलबंद ठेवल्याचे सिद्ध झाले नाही.

यातील कबुलीजबाबाकडे जरा थांबून पाहा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या सर्वसाधारण कायद्यात पुरावा म्हणून चालत नाही. टाडा आणि पोटा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यांनी आणि मकोकाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला चालवून घेतला. ही सवलत सुरक्षेसाठी म्हणून दिली गेली होती. ज्याला कोठडीत बसल्या जागी कागद तयार करता येतो, तो पायपीट कशाला करील? स्फोटके कोठून आली, पैसा कोणी दिला, डब्यात पिशवी कोणी ठेवली, हे शोधण्याचे कष्ट त्या कागदामुळे कमी होतात आणि एकोणीस वर्षांनी तो कागद टिकला नाही की हाती काहीच उरत नाही. बारा माणसांची उमेदीची वर्षे गेली, हा अन्याय एका बाजूला ठेवू. ते निर्दोष असतील तर पिशवी ठेवणारे इतकी वर्षे मोकळे आहेत, हे तर आपण सुरक्षेच्या बाजूने बोलता म्हणून आपल्यालाच आधी खटकायला हवे.

लोकल स्फोटांच्या या निकालानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, २००८च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपी विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. त्या खटल्यात यूएपीए लावण्याची मंजुरीच सदोष ठरली. पहिल्या निकालावर ज्यांनी आनंद मानला त्यांतील अनेकांनी दुसऱ्यावर हळहळ केली, आणि उलटही झाले. मला दोन्ही निकालांत एकच गोष्ट दिसते : स्फोटात मेलेल्यांच्या घरच्यांना गुन्हेगार कोण हे आजही कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

इतर देशांत याहून कडक कायदे आहेत, असा एक ओझरता उल्लेख आपण केला आहे. ग्वान्तानामो, म्हणजे खटल्याविना माणसे डांबून ठेवणारा अमेरिकेचा तुरुंग, डोळ्यांपुढे ठेवला तर ते खरे आहे. परंतु ब्रिटनमध्ये जुलै २००५च्या लंडन हल्ल्यानंतर आरोप न ठेवता कोठडीत ठेवण्याची मुदत नव्वद दिवस करण्याचा सरकारचा प्रस्ताव संसदेने फेटाळला. ती अठ्ठावीस दिवस झाली आणि पुढे २०११मध्ये चौदा दिवसांवर आली.

‘कर नाही त्याला डर कशाला’ यावर फार लिहीत नाही. १९७१चा मिसा कायदाही देशांतर्गत सुरक्षेच्या नावानेच आला होता. आणीबाणीत त्याखाली स्थानबद्ध झालेल्यांना आपले राज्य सरकार आज मानधन देते. महिन्याहून अधिक काळ तुरुंगात असलेल्यांसाठी २०१८मध्ये ते दरमहा दहा हजार रुपये ठरले होते. त्यांतले काही आपल्या-माझ्या परिचयाचेही असतील. त्यांनी काय ‘कर’ केले होते, हे सरकारने आता अधिकृतपणे सांगून टाकले आहे.

तळोज्याकडे परत येतो, कारण मूळ लेख त्यावरचा होता. झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२०मध्ये एल्गार परिषद प्रकरणात यूएपीएखाली अटक झाली आणि तळोज्यात ठेवले गेले. त्यांना कंपवाताचा विकार होता आणि पेला हातात धरता येत नसल्याने त्यांनी नळी असलेला पेला मिळावा म्हणून अर्ज केला होता. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनासाठीचे प्रकरण उच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच, वयाच्या ८४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ते दोषी होते की निर्दोष, हे कोणतेही न्यायालय आता ठरवणार नाही. आपण त्यांना दोषी मानता. मानावे, पण तो निकाल आपला आहे, न्यायालयाचा नाही.

मग माझे म्हणणे काय? कडक शिक्षेला माझा विरोध नाही. फाशीविषयी माझे मत वेगळे आहे, पण तो विषय येथे नको. राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कायद्यातच कलम १९ आहे : विशेष न्यायालयातील खटला कामकाजाच्या प्रत्येक दिवशी, सलग चालला पाहिजे. सरकारला जामीन रोखण्याचा विशेष अधिकार हवा असेल, तर तो याच कलमाला बांधावा. आरोप निश्चितीला मुदत असावी, साक्षीपुराव्याला मुदत असावी आणि मुदत सरकार पक्षामुळे टळली तर जामिनावरची विशेष अट आपोआप गळून पडावी. बचाव पक्षही तारखा मागतो, हे मला कोणी शिकवायला नको. वकील आजारी, वकील दुसऱ्या न्यायालयात, कागदपत्रांच्या प्रती मिळाल्या नाहीत, हे मी शेकडो वेळा रोजनाम्यात लिहिले आहे. ते दिवस मुदतीतून वजा करावेत. प्रत्येक तारीख कोणामुळे पडली हे लिहून ठेवलेलेच असते, बेरीज करायला एक लिपिक पुरतो.

आपण ज्या स्फोटाचे साक्षीदार आहात, त्याचा निकाल मार्च २०१६मध्ये लागला. दहा जण दोषी ठरले, तिघे सुटले. ज्या पोटा कायद्याखाली तो खटला चालला तो कायदा २००४मध्येच रद्द झाला होता आणि खटला मात्र त्यानंतरही बारा वर्षे चालला. त्या काळात आपल्याला साक्षीसाठी कधी बोलावले गेले होते का, हे विचारावेसे वाटते.

‘जामीन मिळतच नाही’ हे वाक्य मूळ लेखात मी आज दुरुस्त केले असून, दुरुस्ती आपण सुचवल्याची नोंद त्याखाली केली आहे.